रक्तकर्करोगाचे फलानुमान आणि न परतलेला रुग्ण

रोगाचे निदान आणि रोगाचे फलानुमान हे वैद्यकातील दोन निराळे प्रश्न होत. 'हा रोग कोणता?' हा पहिला प्रश्न आणि 'या रुग्णाचे पुढे काय होणार?' हा दुसरा. रक्ताच्या कर्करोगांविषयीच्या संशोधनात मात्र गेल्या सहा दशकांत हे दोन प्रश्न एकमेकांत इतके मिसळले आहेत की रोगाला नाव देणे म्हणजेच त्याचे भविष्य सांगणे, असे समीकरण बनले आहे. या समीकरणाने संशोधनाला काटेकोरपणा दिला, यात शंका नाही. पण त्याच्या मुळाशी एक गृहीतकृत्य आहे, आणि ते क्वचितच तपासले जाते. रुग्णाचे भविष्य त्याच्या पेशीत लिहिलेले असते, हे ते गृहीतकृत्य होय. ते कोठवर खरे ठरते आणि कोठे अपुरे पडते, याचा विचार येथे ठाणे जिल्ह्यातील वाशिंदसारख्या गावाच्या संदर्भात केला आहे.

१

ल्युकेमियाचा अभ्यास सुरू झाला तो मृत्यूनंतरच्या निरीक्षणातून. १८४५ साली एडिंबरोत बेनेट आणि बर्लिनमध्ये विर्शो यांनी स्वतंत्रपणे अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. विर्शोने पुढे १८४७ मध्ये या विकाराला 'ल्युकेमिया' हे नाव दिले. एर्लिखच्या रंजनपद्धतींमुळे पांढऱ्या पेशींचे प्रकार ओळखता येऊ लागले आणि नॉयमनने रक्तनिर्मितीचे स्थान अस्थिमज्जेत असल्याचे दाखविले. तरीही निदान आणि फलानुमान यांत अंतर होते. निदान कोणतेही असो, फलानुमान बहुधा एकच असे.

१९६० मध्ये फिलाडेल्फिया येथे नोवेल आणि हंगरफर्ड यांना चिरकारी मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते बनते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. या अदलाबदलीतून उत्पन्न होणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि या रोगाचे स्वरूपच पालटले. तीव्र ल्युकेमियांचे १९७६ चे फ्रेंच–अमेरिकन–ब्रिटिश वर्गीकरण केवळ पेशींच्या रूपावर उभे होते. २००१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जनुकीय खुणांना अग्रस्थान मिळाले. २०२२ मध्ये तर दोन समांतर वर्गीकरणे प्रसिद्ध झाली, त्यामुळे काही रुग्णांच्या रोगाला आज दोन नावे लागू शकतात. दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली असली तरी ती आता शोधता येते आणि त्यावरून पुढील उपचार ठरविता येतात.

ही प्रगती निर्विवाद आहे. तिच्या मुळाशी असलेली धारणा मात्र तपासून पाहावयास हवी.

२

फलानुमानाची गणिती सूत्रे ही या संशोधनाची सर्वांत प्रतिष्ठित निष्पत्ती होय. चिरकारी मायलॉइड ल्युकेमियासाठी सोकल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दिलेले सूत्र आजही वापरले जाते. रुग्णाचे वय, प्लीहेचा आकार, बिंबाणूंची संख्या आणि रक्तातील अपरिपक्व पेशींचे प्रमाण या चार गोष्टींवरून ते धोका मोजते. हे सूत्र इमॅटिनिबपूर्व काळातील रुग्णांवरून काढलेले आहे. म्हणून नव्या औषधांच्या काळातील रुग्णांवर आधारलेले निराळे सूत्र २०१६ मध्ये पुढे आले. फलानुमान हे रोगाचे अंगभूत लक्षण नसून विशिष्ट उपचारांच्या चौकटीत रोग कसा वागतो याचे वर्णन असते, एवढा बोध या इतिहासातून घेता येतो.

याहून सूक्ष्म प्रश्न प्लीहेचा आहे. प्लीहा, म्हणजे बोलीतील पानथरी, बरगडीखाली किती उतरली आहे हे बोटांनी चाचपून मोजतात. सूत्रात हा आकडा रोगाच्या उग्रतेचे माप म्हणून येतो. पण वाढलेली प्लीहा दोन गोष्टी एकाच वेळी सांगत असते. रोग किती आक्रमक आहे ही एक, आणि रुग्ण किती उशिरा वैद्यापुढे आला ही दुसरी. जेथे साध्या रक्ततपासणीत हा रोग अवचित सापडतो, तेथे प्लीहा लहान असताना निदान होते. जेथे पोटात जडपणा आल्यावर आणि शेतीचे काम अशक्य झाल्यावरच माणूस दवाखान्याची पायरी चढतो, तेथे तीच प्लीहा नाभीपर्यंत येऊन ठेपलेली असते. सूत्राला या दोहोंतला भेद कळत नाही. कालाचे अंतर ते रोगाच्या प्रकृतीत जमा करते.

३

वाशिंदचे उदाहरण येथे विशेष बोधप्रद आहे, कारण हे गाव दुर्गम म्हणता येत नाही. १८५५ मध्ये लोहमार्ग कल्याणहून वाशिंदपर्यंत पोचला आणि पुढील काही वर्षे हेच त्या मार्गाचे टोक होते. आज ते कल्याण–कसारा उपनगरी मार्गावरील स्थानक आहे आणि मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ८० किलोमीटरवर आहे. १९४१ मध्ये परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय म्हणूनच नकाशावर फार दूर नाही. मुरबाडच्या रुग्णाला मात्र आगगाडी गाठण्यासाठी आधी कल्याणपर्यंतचा रस्ता काटावा लागतो, आणि शहापूरच्या डोंगरपट्टीतील पाड्यावरच्या रुग्णाला त्याहीआधी पायवाट. ज्या तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी मुंबईला पोचते, त्याच तालुक्यातील रुग्णाला मुंबईला पोचणे इतके सोपे नाही.

या अंतराचा अर्थ तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. १९५७ मध्ये नॉर्वेतील हिलेस्टाड यांनी या रोगाचे वर्णन केले, तेव्हा तो ल्युकेमियांतील अत्यंत वेगाने प्राण घेणारा प्रकार मानला गेला. १९८८ मध्ये शांघायच्या वैद्यांनी अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचा त्यावरील गुण प्रसिद्ध केला, पुढे त्याला सोमलाच्या औषधाची जोड मिळाली, आणि आज हाच प्रकार प्रौढांच्या तीव्र ल्युकेमियांत सर्वाधिक साध्य गणला जातो. चिकित्सा-प्रयोगांत सामील झालेल्या रुग्णांपैकी बहुतेक बरे होतात. परंतु प्रयोगाबाहेरील, सर्वसाधारण लोकसंख्येतील नोंदी पाहिल्या तर पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने दगावणाऱ्यांचे प्रमाण बरेच अधिक दिसते. याचे कारण उघड आहे. प्रयोगात नाव नोंदविण्याइतका काळ जो जगला, त्याचीच गणना प्रयोगात होते.

हिरड्यांतून रक्त येणारा आणि अंगावर काळेनिळे डाग उठलेला एखादा तरुण वाशिंदच्या दवाखान्यात आला, असे कल्पू. त्याच्या पेशींतील जनुकीय खूण 'अनुकूल' वर्गाची आहे. तथापि त्याचे भवितव्य त्या खुणेपेक्षा दुसऱ्याच गोष्टींवर ठरणार आहे. त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा जाणता डोळा त्याच दिवशी मिळतो काय? संशय येताच, जनुकीय खात्रीची वाट न पाहता औषध सुरू करावे, हा सर्वमान्य संकेत तेथे ठाऊक आहे काय? तालुक्याच्या ठिकाणचा तंत्रज्ञ या साखळीतील पहिला निदानकर्ता असतो. फलानुमानाच्या कोणत्याही सूत्रात त्याला स्थान नाही.

४

यापुढील प्रश्न गणनेचा आहे. जगण्याचे आलेख ज्या पद्धतीने काढले जातात, ती कॅपलन आणि मायर यांनी १९५८ मध्ये मांडली. जे रुग्ण मध्येच येण्याचे थांबतात, त्यांचे निरीक्षण त्या दिवशी खंडित झाले असे धरून उरलेल्यांवरून गणित पुढे चालते. या सोयीमागे एक अट आहे. जे निघून गेले त्यांचे भवितव्य जे राहिले त्यांच्यासारखेच असले पाहिजे. ल्युकेमियाच्या बाबतीत ही अट सरळसरळ मोडते. दोन-अडीच वर्षे चालणारा उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतलेले मूल आणि नियमाने येणारे मूल यांचे भवितव्य एक नव्हे. पहिल्याचा रोग बहुधा उलटतो, आणि तो उलटल्याची वार्ता रुग्णालयापर्यंत येत नाही. आलेखात मात्र ते मूल 'शेवटचे पाहिले तेव्हा जिवंत' असे राहते. रुग्ण जितके अधिक गळतील तितका आलेख अधिक आशादायक दिसू लागतो, ही या पद्धतीच्या वापरातील विपरीतता होय.

बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्यगटाने २०११ मध्ये याविषयी निःसंदिग्ध भूमिका घेतली. चार किंवा अधिक आठवडे सलग उपचार चुकणे म्हणजे उपचारत्याग, आणि उपचारत्याग ही गणनेत अपयशाची घटनाच मानावी, अशी तिची शिफारस आहे. अशा रीतीने काढलेले आकडे अप्रिय असतात, परंतु खरे असतात.

नोंदणीच्या बाबतीतही अशीच फट आहे. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि ग्रामीण भागातील पहिली १९८७ मध्ये बार्शीस. पहिलीचे क्षेत्र बृहन्मुंबई. अशी नोंदणी त्या क्षेत्रातील रहिवाशांचीच असते, म्हणून वाशिंदचा रुग्ण परळला तपासला गेला तरी मुंबईच्या प्रमाणात तो धरला जात नाही. शास्त्रदृष्ट्या हा नियम योग्यच आहे. मात्र महानगराच्या वेशीबाहेरील माणूस उपचारासाठी शहराचा आणि गणनेसाठी कोणाचाच नाही, अशी अवस्था त्यातून संभवते.

५

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो हलका नाही. अंतर, दारिद्र्य, कुपोषण यांना फलानुमानात स्थान दिले तर जीवशास्त्रीय कारणे अस्पष्ट होतील, इतकेच नव्हे तर 'हा रुग्ण टिकणार नाही' या तर्काने दूरच्या रुग्णाला मुळातच कमी उपचार दिले जातील. हा धोका खरा आहे. म्हणूनच पेशीतील खुणा आणि रुग्णाची परिस्थिती यांची एकाच आकड्यात बेरीज करू नये. दोन्ही वेगळ्या मांडाव्यात. जनुकीय दोष वैद्याच्या हाती नसतो. उलट अंतर कमी करता येते. परळच्या रुग्णालयात बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी निवास, आहार, आर्थिक साहाय्य आणि चिकाटीचा पाठपुरावा यांची व्यवस्था उभी राहिल्यावर उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे घटले. मुलांच्या पेशी त्याच होत्या, तरी फलानुमान पालटले.

आपल्या जुन्या वैद्यकाला ही दृष्टी अपरिचित नव्हती. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. सुखसाध्य रोगाच्या लक्षणांत या चारही पादांची अनुकूलता गणली आहे. चरकाला आजचा ल्युकेमिया ठाऊक होता, असा दावा यातून करणे अर्थातच गैर ठरेल. परंतु साध्यासाध्यतेचा विचार केवळ रोगावरून न करता उपचाराच्या सर्व अंगांवरून करावा, हे तत्त्व तेथे स्वच्छपणे मांडलेले आहे.

तेव्हा रक्तकर्करोगावरील प्रत्येक फलानुमान-अभ्यासाकडून तीन अपेक्षा बाळगणे रास्त होईल. पहिले लक्षण ते निदान यांतील काळ त्याने नमूद करावा. रुग्ण कोठून येतात, हे सांगावे. आणि न परतलेल्या रुग्णांना अपयश मानून काढलेला आलेख नेहमीच्या आलेखाशेजारी छापावा. यासाठी नवे यंत्र लागत नाही, केसपेपरवरील पत्ता आणि तारखा पुरतात. या दोन आलेखांमधले अंतर किती, हे कळले म्हणजे वाशिंदच्या रुग्णाला औषधाने किती वाचविता येईल आणि व्यवस्थेने किती, हे सांगता येईल. तोवर प्रसिद्ध होणारे फलानुमान हे जे परतून आले त्यांचेच फलानुमान होय, असे समजून ते वाचले पाहिजे.