सुटे स्वर आणि सामाईक वारा

'ऑर्गन' म्हटल्यावर मराठी वाचकाला संगीत नाटकातील पायपेटी आठवते. तिच्यातील नाद धातूच्या पट्ट्यांचा. प्रस्तुत टिपणाचा विषय असलेला ऑर्गन मात्र नळ्यांचा आहे. लंडनच्या इस्लिंग्टन भागातील युनियन चॅपेलमध्ये तो १८७७ साली हेन्री विलिस यांनी बांधला. स्पिटफायर ऑडिओ या संस्थेने त्याचे स्वर मुद्रित करून संगीतरचनेच्या संगणकप्रणालीसाठी उपलब्ध केले आहेत. हे वाद्य जाळीआड दडलेले असल्याने श्रोत्याला प्रथमपासून केवळ ध्वनीच लाभत आला आहे. तेव्हा प्रतिकृतीचे मूल्यमापनही कानानेच व्हावे, हे न्याय्य होय.

अशा मुद्रणाची रीत साधारणतः अशी : स्वर सुटे सुटे वाजवून त्यांचा आरंभ, स्थिर नाद आणि पट्टी सोडल्यावर वास्तूत रेंगाळणारा घुमारा टिपावयाचा. पुढे रचनाकार हवे ते स्वर एकत्र आणतो. यांत घुमाऱ्याला फारसा बाध येत नाही. वास्तू ध्वनींची निव्वळ बेरीज करते. दोन स्वर वेगवेगळे घुमवून मिळवले काय किंवा एकत्र घुमवले काय, फल तेच.

वाऱ्याचे तसे नाही. अनेक नळ्या एकाच साठ्यातून वारा घेतात. भरगच्च स्वरसंघात वाजला की, भात्याने कितीही सांभाळले तरी, दाब किंचित ढळतो आणि त्यासरशी नळ्यांचा स्वर व आरंभ बदलतो. भाषाभ्यासकाला हे नवे नाही. सुटे उच्चारलेले वर्ण जोडून वाक्य होत नाही. कारण बोलताना प्रत्येक वर्ण शेजारच्या वर्णाकडे झुकलेला असतो.

हाउप्टवर्कसारख्या प्रणालीत वायुपुरवठ्याचे गणिती प्रतिमान असते, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. परंतु ते प्रतिमान म्हणजे नियम, नोंद नव्हे. व्याकरणाचा नियम जसा प्रत्यक्ष प्रयोगावर पारखून घ्यावा लागतो, तसाच हाही.

म्हणून सुट्या स्वरांच्या संग्रहाला कोशाचे मोल अवश्य द्यावे. वाद्याचे जतन झाले असे मात्र मानू नये. स्वरांच्या जोडीला स्वरसंघात, सलग वादन आणि वाऱ्याच्या दाबाची मापे नोंदली जावीत. तसेच मूळ वाद्य वाजते राहावे. अन्यथा प्रतिमान पारखण्यास आधारच उरणार नाही.