'हेवन्स गेट' : निर्मितिकथा, संहिता आणि किंमत

१

कलाकृती आणि तिच्या निर्मितीची कथा यांचा परस्परसंबंध हा समीक्षेतील एक जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. विम्झट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये, लेखकाचा हेतू हा कलाकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, अशी भूमिका मांडली. तेव्हापासून निर्मितिप्रक्रियेचा तपशील चरित्राच्या खात्यावर टाकावा आणि समीक्षेने संहितेपुरते राहावे, असा एक शिष्टसंमत संकेत रूढ झाला. साहित्याच्या बाबतीत हा संकेत पाळणे तुलनेने सोपे असते. कवितेचे खर्डे कवीच्या खणात राहतात, आणि खोडलेल्या ओळींचा खर्च कोणाच्या वहीत मांडला जात नाही. चित्रपटाचे तसे नाही. तो शेकडो माणसांच्या देखत, दुसऱ्याच्या पैशाने आणि ठरलेल्या मुदतीत तयार होतो. त्यामुळे त्याची निर्मितिकथा पुष्कळदा त्याच्या आधीच प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. झेरार जनेत यांनी ग्रंथाच्या उंबरठ्यावरील मजकुराचा, म्हणजे शीर्षक, प्रस्तावना, मुलाखती इत्यादींचा विचार १९८७ मध्ये 'परासंहिता' या संकल्पनेखाली केला. पण उंबरठाच घर गिळून टाकतो तेव्हा काय होते, हा प्रश्न चित्रपटसृष्टीच्या इतिहासात अधिक तीव्रतेने उभा राहतो.

मायकेल चिमिनो यांचा 'हेवन्स गेट' (१९८०) हा वेस्टर्न चित्रपट या प्रश्नाचे टोकाचे उदाहरण होय. या चित्रपटाची निर्मितिकथा आजवर प्रामुख्याने दोन प्रकारे वाचली गेली : आधी गुन्ह्याचा पुरावा म्हणून आणि नंतर हौतात्म्याची गाथा म्हणून. ही दोन्ही वाचने परस्परविरोधी वाटत असली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे, आणि त्या गृहीतकामुळेच चित्रपटाची संहिता आणि त्याची खरी किंमत या दोन्ही गोष्टी दृष्टिआड झाल्या, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम घटनाक्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. वायोमिंग राज्यातील जॉन्सन काउंटीत १८९२ साली बडे पशुपालक आणि लहान शेतकरी यांच्यात झालेल्या संघर्षावर चिमिनो यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभीच पटकथा लिहिली होती. ती अनेक वर्षे पडून राहिली. १९७८ च्या आरंभी युनायटेड आर्टिस्ट्स या संस्थेतील आर्थर क्रिम आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी, मालक असलेल्या ट्रान्सअमेरिका या कंपनीशी मतभेद झाल्याने बाहेर पडले. चॅप्लिन, पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी १९१९ मध्ये कलावंतांच्या स्वायत्ततेसाठी स्थापन केलेली ही संस्था. तिच्या नव्या व्यवस्थापनाला आपले कर्तृत्व तातडीने सिद्ध करावयाचे होते. चिमिनो यांची निवड या गरजेतून झाली. ९ एप्रिल १९७९ रोजी त्यांच्या 'द डिअर हंटर'ला पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि १६ एप्रिलला माँटाना राज्यात ग्लेशियर नॅशनल पार्कच्या परिसरात 'हेवन्स गेट'चे चित्रीकरण सुरू झाले.

पहिल्या सहा दिवसांतच काम पाच दिवसांनी मागे पडले. सुमारे १ कोटी १६ लाख डॉलरचे अंदाजपत्रक अखेरीस सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत गेले. सुमारे १३ लाख फूट फिल्म खर्ची पडली. म्हणजे दोनशे तासांहून अधिक चित्रण झाले. जून १९८० मध्ये संस्थेच्या अधिकाऱ्यांना दाखविलेली पहिली जुळणी पाच तासांहून लांब होती. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे २१९ मिनिटांची आवृत्ती प्रदर्शित झाली. समीक्षकांनी तिच्यावर इतका कठोर प्रहार केला की आठवड्याभरातच ती मागे घेण्यात आली. एप्रिल १९८१ मध्ये आलेली १४९ मिनिटांची आवृत्तीही चालली नाही. अमेरिकेतील एकूण उत्पन्न सुमारे ३५ लाख डॉलरच्या पुढे गेले नाही. त्याच वर्षी ट्रान्सअमेरिकाने युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था एमजीएमला विकली.

हा घटनाक्रम सांगताना एक बारकावा सहसा सुटतो. चित्रपट १९७९ च्या नाताळापर्यंत हाती यावा यासाठी संस्था इतकी उत्सुक होती की, ती मुदत गाठण्यासाठी होणारा जादा खर्च हा मर्यादाभंग मानला जाऊ नये, अशी तरतूद तिने करारातच मान्य केली होती. म्हणजे ज्या अमर्यादपणाचा दोष पुढे एका व्यक्तीच्या स्वभावाला देण्यात आला, त्याला संस्थेची लेखी संमती होती. मुदत तर पाळली गेली नाहीच, पण मुदतीच्या नावाने उघडलेली थैलीही पुन्हा बंद झाली नाही.

३

निर्मितिकथेचे पहिले वाचन हिशेबी म्हणता येईल. त्याची सर्वांत प्रभावी संहिता म्हणजे युनायटेड आर्टिस्ट्सचे निर्मितिप्रमुख स्टीव्हन बाख यांचे 'फायनल कट' (१९८५) हे पुस्तक. ते केवळ तक्रारखोर नाही. संस्थेचे भय, स्पर्धा आणि निर्णय टाळण्याची वृत्ती यांचे त्यातील चित्रण आत्मपरीक्षणाच्या अंगाने जाते. तथापि त्याचा रूपबंध शोकान्तिकेचा आहे, आणि शोकान्तिकेला उन्मत्त नायक लागतो. पुस्तकाचे वाचक चित्रपटाच्या प्रेक्षकांहून अधिक काळ टिकून राहिले. कालांतराने 'हेवन्स गेट' हे एका चित्रपटाचे नाव न राहता उधळपट्टीचा वाचक असलेले सामान्यनाम झाले. चिन्हमीमांसेच्या भाषेत सांगावयाचे तर चिन्हकाचा मूळ चिन्हिताशी असलेला संबंध सुटला.

दुसरे वाचन याच्या उलट टोकाचे. १९८२ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमधील झेड चॅनेलने दीर्घ आवृत्ती दाखविली; युरोपातील समीक्षकांनी चित्रपटाची बाजू घेतली; आणि २०१२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चिमिनो यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली २१६ मिनिटांची पुनर्संस्कारित आवृत्ती गौरवाने दाखविण्यात आली. या वाचनात चिमिनो हे व्यापारी व्यवस्थेने बळी घेतलेले द्रष्टे ठरतात. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हा सूर अधिकच गडद झाला.

या दोन वाचनांचे गृहीतक एकच आहे, असे वर म्हटले ते यासाठी की, दोन्ही वाचने कृतीचे सर्व कर्तृत्व एका व्यक्तीत केंद्रित करतात. १९५४ मध्ये त्रूफो यांनी 'काइए द्यु सिनेमा'मधून जी भूमिका मांडली आणि १९६२ मध्ये अँड्र्यू सॅरिस यांनी अमेरिकेत जिचा सिद्धांत केला, तो दिग्दर्शक-कर्तृत्ववाद येथे दुधारी शस्त्र झालेला दिसतो. यशाचा धनी एकच असेल तर अपयशाचा आरोपीही एकच असणार. बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून दशक उलटून गेले होते, तेव्हा अमेरिकन चित्रपटव्यवसाय एका लेखकाला आधी राज्याभिषेक आणि मग देहदंड देण्यात गुंतला होता.

४

मग संहिता काय सांगते? वेस्टर्न या प्रकाराचे व्याकरण सर्वपरिचित आहे. त्यात भूप्रदेश भव्य असतो, नायक एकाकी असतो आणि समाज हा पार्श्वभूमीसारखा असतो. नायकाने न्याय मिळवून द्यावा एवढ्यापुरतेच गावकऱ्यांचे प्रयोजन. 'हेवन्स गेट' हे व्याकरण मोडू पाहतो, आणि त्यासाठी तो जे साधन वापरतो ते म्हणजे काळ. स्केटिंगच्या लाकडी सभागृहातील नृत्य, धुळीने भरलेला रस्ता, रेल्वेच्या टपावर बसून आलेली माणसे, निरनिराळ्या भाषांतील भांडणे यांना हा चित्रपट कथानकाच्या गरजेहून कितीतरी अधिक वेळ देतो. इतरत्र जी माणसे काही क्षणांची गर्दी असतात, ती येथे मिनिटामिनिटांनी पडदा व्यापतात. १८७० मधील हार्वर्डच्या हिरवळीवर (जिचे चित्रीकरण ऑक्सफर्डला झाले) श्रीमंत पदवीधर वर्तुळाकार नाचतात. तेच वर्तुळ पुढे स्थलांतरितांच्या नृत्यात आणि शेवटी लढाईच्या धुरळ्यात परत येते. विल्मोस झिग्मंड यांच्या छायालेखनातील धूळ आणि धूर यांमुळे व्यक्ती समूहात विरघळत राहतात.

या दृष्टीने पाहता १४९ मिनिटांच्या आवृत्तीतून गेलेली ७० मिनिटे म्हणजे अनावश्यक चरबी नव्हती. काळ हेच ज्या संहितेचे आशयसूत्र, तिच्यातील काळ कापला म्हणजे उरते ते केवळ कथानक, आणि कथानक हा या चित्रपटाचा दुबळा भाग आहे.

चित्रपटाच्या केंद्रस्थानी एक यादी आहे. पशुपालकांच्या संघटनेने ठार मारण्यासाठी निवडलेल्या १२५ जणांची. सभागृहात ही नावे मोठ्याने वाचली जातात तो प्रसंग संपूर्ण चित्रपटाचा कणा होय. आजवर गर्दी असलेल्यांना नाव मिळते ते प्रथम मृत्यूच्या यादीत. इतिहासात एवढी मोठी कत्तल झाली नाही. एप्रिल १८९२ मध्ये टेक्सासहून आणलेल्या बंदूकधाऱ्यांसह सुमारे पन्नास जणांनी चाल केली, नेट चॅम्पियन आणि निक रे हे दोघे मारले गेले, आणि संतप्त रहिवाशांनी वेढलेल्या हल्लेखोरांचीच सुटका सरकारी घोडदळाने केली. त्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. चिमिनो यांनी संख्या फुगविली, पण सत्ता कोणाच्या बाजूने धावून आली हे चित्र बदलले नाही.

याउलट एका ठिकाणी त्यांनी केलेला बदल अधिक गंभीर आहे. चित्रपटातील एला वॉटसन ही कुंटणखाना चालविणारी स्त्री आहे. प्रत्यक्षातील एला वॉटसन ही स्वतःच्या नावे जमीन घेऊन राहिलेली स्त्री होती. १८८९ मध्ये पशुपालकांनी तिला आणि जेम्स अ‍ॅव्हरेल यांना फासावर लटकविले. तिच्या हत्येचे समर्थन करता यावे म्हणून पशुपालकांच्या बाजूच्या वृत्तपत्रांनी तिला वेश्या आणि गुरेचोर ठरविले, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले आहे. म्हणजे पशुपालकांविरुद्ध उभा असलेला हा चित्रपट नायिकेपुरती त्यांचीच बातमी खरी मानतो. बदनामीची कथा मूळ व्यक्तीला कशी पुसून टाकते, याचे हे उदाहरण चित्रपटाच्या पोटातच आहे. पुढे त्याच्या वाट्याला तशीच कथा आली, हा योगायोग म्हणून सोडून देता येतो. परंतु तक्रार करणाऱ्याने त्याच मापाने आधी कोणाला मोजले, हे विसरता येत नाही.

५

येथे खर्च आणि किंमत या दोन शब्दांत भेद करणे आवश्यक ठरते. खर्च ताळेबंदात मांडता येतो. किंमत ज्यांनी मोजली त्यांची नोंद तेथे नसते. १९७९ मध्ये एका पत्रकाराने एक्स्ट्रा म्हणून काम करून चित्रीकरणस्थळावरील गैरसोय, दीर्घ तास आणि सततची पुनरावृत्ती यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा चर्चा झाली ती मुख्यत्वे उधळपट्टीची. कोंबड्यांची प्रत्यक्ष झुंज पडद्यावर दिसते. घोड्यांना पाडल्याचे आणि स्फोटांत इजा व मृत्यू घडल्याचे आरोप झाले. अमेरिकन ह्युमेन असोसिएशनने चित्रपटाविरुद्ध मोहीम चालविली. चित्रीकरणस्थळी प्राण्यांवर देखरेख ठेवण्याचा या संस्थेचा अधिकार १९६६ मध्ये जुनी सेन्सॉर-व्यवस्था मोडीत निघाली तेव्हा दुर्बळ झाला होता. 'हेवन्स गेट'नंतर तो कलावंतांच्या संघटनेच्या करारांतून पुन्हा प्रस्थापित झाला. या निर्मितीचा सर्वांत टिकाऊ परिणाम कदाचित हाच असेल.

हिशेबी वाचनाला या किमतीचे सोयरसुतक नव्हते. हाच चित्रपट नफ्यात गेला असता तर घोड्यांचा प्रश्न तळटिपेत गेला असता. हौतात्म्याच्या वाचनाला तर ती अडचणीचीच वाटते, कारण हुतात्म्याने दुसऱ्यांचे बळी घेतलेले चालत नाही. नामहीनांना काळ देऊ पाहणारी ही संहिता नामहीनांचाच काळ आणि मुक्या जनावरांची वेदना वापरून घडली, हा अंतर्विरोध दोन्ही वाचनांना पेलत नाही. चित्रपटातही तो पूर्णपणे सुटलेला नाही. गर्दीला वेळ मिळाला तरी शेवटी अंतर्मन मिळते ते हार्वर्डच्या पदवीधरालाच. १९०३ मधील उपसंहारात तोच आपल्या नौकेवर एकाकी उरतो.

पाठचिकित्सेच्या अंगानेही येथे सावध राहावे लागते. २०१२ ची आवृत्ती ही 'मूळ' संहितेची पुनर्प्राप्ती म्हणून सादर झाली. प्रत्यक्षात तिच्यात मध्यंतर नाही आणि जुन्या प्रतींतील पिवळसर, धूसर छटा बरीच निवळली आहे. बत्तीस वर्षांनंतरच्या कर्त्याने केलेले ते स्वतःचे नवे वाचन आहे. आद्य प्रतीचा शोध येथे निष्फळ ठरतो. आहेत ते पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदामागे सत्तेचा एक क्षण आहे : १९८० मध्ये दिग्दर्शकाचा, १९८१ मध्ये भांडवलाचा, २०१२ मध्ये कीर्तीचा.

निर्मितिकथा समीक्षेबाहेर ठेवावी, हा संकेत म्हणून अपुरा ठरतो. ती आत घ्यावीच लागते, पण न्यायनिवाड्याचा पुरावा म्हणून नव्हे. संहिता ज्यांच्याविषयी बोलते आणि ती ज्यांच्या श्रमांतून घडते, त्या दोहोंतील नाते तपासण्यासाठी ती आत घ्यावी लागते. 'हेवन्स गेट'च्या बाबतीत ताळेबंद केव्हाच लिहून झाला, गौरवपत्रही लिहून झाले. सभागृहात नावे वाचली जात असताना मागे धुळीत उभी असलेली, ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत अशी माणसे आणि जनावरे मात्र अद्याप वाचली जावयाची आहेत.