भरती, ओहोटी आणि अधिछात्रवृत्ती

विद्यापीठाच्या अध्यापकवर्गात समाजाच्या सर्व थरांना स्थान असावे, हे तत्त्व आज कोणी उघडपणे नाकारीत नाही. मतभेद आहेत ते साधनांविषयी. त्या साधनांपैकी अधिछात्रवृत्ती हे सर्वांना मान्य होणारे साधन होय. आणि म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कठोरपणे व्हावयास हवी.

प्रथम शब्दांचाच विचार करणे इष्ट. ‘भरती’ हा शब्द ‘भरणे’ या धातूपासून आला. नोकरीच्या संदर्भात तो जागा भरण्यापुरता वापरला जातो. परंतु ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यास भरतीबरोबर ओहोटीही स्मरल्यावाचून राहत नाही. आलेला माणूस टिकतो की परततो, हा प्रश्न त्या दुसऱ्या शब्दात आहे आणि शासकीय परिभाषेत त्याला जागा नाही. ‘छात्र’ हा शब्द पाणिनीने ‘छत्र’ शब्दापासून साधला. पतंजलीच्या विवरणानुसार गुरूने शिष्यावर छत्राप्रमाणे आच्छादन धरावे आणि शिष्यानेही गुरूचे छत्राप्रमाणे रक्षण करावे. छत्र उभयपक्षी आहे. अधिछात्रवृत्तीत मात्र ते एकपक्षी झाले असून ठरावीक मुदतीनंतर मिटले जाते.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आढळते. सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी शिष्यवृत्ती दिली. त्याबदली बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. म्हणजे शिष्यवृत्ती होती, पदवी होती आणि नेमणूकही होती. तरीही 1917 मध्ये बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले आणि अल्पावधीतच ते मुंबईस परतले. पुढे 1918 मध्ये सिडनॅहम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तेव्हा तेथील काही सहकाऱ्यांनी त्यांनी पाण्याच्या सामाईक भांड्यास स्पर्श करण्यास हरकत घेतली. दाता उदार होता, उमेदवार असामान्य होता. उणीव होती ती संस्थेच्या नित्य व्यवहारात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना (1945), मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय (1946) आणि औरंगाबादचे महाविद्यालय (1950) यांचा अर्थ या अनुभवाच्या प्रकाशात लावता येतो. व्यक्तीला वृत्ती देऊन भागत नाही, संस्थाच निराळी घडवावी लागते, हा त्यांतील मथितार्थ होय.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न बिंदुनामावलीच्या गणितात शिरला. एप्रिल 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरावयास सांगितले. मार्च 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. केंद्रीय प्रमाणानुसार या पद्धतीत चौथे पद इतर मागासवर्गास, सातवे अनुसूचित जातीस आणि चौदावे अनुसूचित जमातीस मिळते. तीनच अध्यापकांच्या विभागात यांपैकी एकही बिंदू येत नाही. कायदा न मोडता तत्त्व कसे निष्फळ करता येते, याचे हे उदाहरण. संसदेने 2019 मध्ये कायदा करून संपूर्ण संस्था हा घटक पुन्हा प्रस्थापित केला; महाराष्ट्रानेही 2021 मध्ये तोच मार्ग स्वीकारला. ठाणे व कल्याण येथील मुंबई विद्यापीठाच्या उपपरिसरांसारख्या ठिकाणी विभाग स्वभावतःच लहान असतात. तेथे या फरकाचे महत्त्व विशेष आहे.

राज्यात बार्टी, सारथी (2018) व महाज्योती (2019) या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. त्यांचे मोल निर्विवाद आहे. परंतु वृत्ती संपते तेथे पद सुरू होत नाही. सुरू होते ते तासिका तत्त्वावरील अध्यापन. घरची जमीनजुमला वा पगाराची दुसरी सोय असणाऱ्यास तेथे वाट पाहता येते. ज्याच्यासाठी योजना आखली, त्यालाच ती परवडत नाही. ओहोटी लागते ती येथे.

यावर गुणवत्तेचा आक्षेप ठरलेलाच आहे. गुणवत्तेची कसोटी असावीच. पण मुलाखतीत कसोटी कशाची होते, हे भाषाशास्त्राने विचारावयास हवे. आगरी व कोळी बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. हा नियमित ध्वनिभेद आहे, उच्चारदोष नव्हे. शहापूर-मुरबाडकडील कातकरी किंवा ठाकूर घरातील उमेदवाराने ‘पानी’ म्हटले, तर त्याच्या संशोधनाविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तरीही ज्ञानापूर्वी उच्चाराचे मोजमाप होते. डोंबिवलीत 2017 मध्ये भरलेल्या 90 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद आगरी यूथ फोरमने भूषविले, ही गोष्ट अभिमानास्पद खरी. पण यजमानपद म्हणजे अध्यासन नव्हे. ज्या बोलींवर प्रबंध लिहिले जातात, त्या बोलणारे अध्यापक विभागात किती, हा प्रश्न मराठी विभागांनी स्वतःस प्रथम विचारावा.

तात्पर्य, अधिछात्रवृत्ती पदाशी जोडलेली असावी. वृत्तीच्या अखेरच्या वर्षांत अध्यापनाचा मर्यादित भार, अनुभवी सहकाऱ्याचे मार्गदर्शन आणि समाधानकारक कामानंतर रिक्त पदासाठी विहित कालमर्यादेत निवडप्रक्रिया, एवढे किमान बंधन विद्यापीठाने स्वतःवर घालून घ्यावे. तसेच किती नेमले याबरोबर पाच वर्षांनी किती उरले, हा आकडाही वार्षिक अहवालात यावा. उमेदवाराची परीक्षा सर्वत्र होते; संस्थेची परीक्षा या दुसऱ्या आकड्यात आहे. बडोद्याच्या करारात दहा वर्षांची अट शिष्यवृत्ती घेणाऱ्यावर होती. त्याला निवारा देण्याची अट कोणावरच नव्हती. शंभराहून अधिक वर्षांनंतर निदान ती उणीव तरी भरून निघावयास हवी.