लोहमार्ग आणि मातीची टोपली

हिंगणघाटच्या कापसाची कीर्ती लोहमार्ग येण्यापूर्वीच विलायतेस पोचली होती. मार्ग आला तो मागाहून, १८७० नंतरच्या दशकात, वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींकडे जाता जाता. या गावाची हकीकत कोणी सांगू लागला म्हणजे कापूस येतो, गिरण्या येतात, गिरणीमालकांची नावेही येतात. रुळांखालचा भराव कोणी घातला, हे मात्र कोणी सांगत नाही व कोणी विचारीतही नाही. आम्हीही विचारले नव्हते. इयान केर यांचा 'बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज' हा १९९५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचल्यावर या न विचारण्याची थोडी लाज वाटली, आणि ग्रंथाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

ग्रंथाचा विषय १८५० ते १९०० या काळातील लोहमार्गांची बांधणी हा आहे. इंजिने व डबे यांकडे ग्रंथकर्ता फारसे पाहत नाही. त्याचे लक्ष खणणाऱ्या हातांकडे आहे, आणि हाच या ग्रंथाचा मोठा गुण होय. आपल्या बोरघाटाचेच उदाहरण घ्या. काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली पुरे झाले. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, आणि पंचवीस बोगदे. १८६१ साली या घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. पटकीच्या साथी आल्या आणि गेल्या. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या कारकीर्दीत मजुरी थकली, तेव्हा जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, आणि चौकशीअंती त्यांच्या गाऱ्हाण्यात तथ्य असल्याचे आढळले. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट तडीस नेले. या बाईंचे नाव राहिले, इंजिनियर बर्कले यांचे राहिले. बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाही.

टोपलीविषयीचे विवेचन तर प्रत्येक सुशिक्षिताने वाचावे. मजूर हातगाडीऐवजी डोक्यावरच्या टोपलीतून माती वाहतो, यावरून साहेबलोकांनी त्याच्या अडाणीपणाची पुष्कळ थट्टा केली. वस्तुतः पुरुषाने खणावे आणि बायकामुलांनी माती वाहावी, अशी ही कुटुंबाची टोळी होती. हातगाडी आली तर निम्म्या घराची मजुरी बुडत होती. थट्टा करणाऱ्यास हा हिशेब कळला नाही, टोपलीवाल्यास तो पक्का ठाऊक होता.

असे असूनही ग्रंथ मिटताना मन पुरते तृप्त होत नाही. केर यांची साधने बहुतेक कंपनीची, सरकारची व इंजिनियरांची आहेत. त्यामुळे मजूर संख्येने दिसतो, दंग्याच्या दिवशी दिसतो, साथीत मेला म्हणजे दिसतो. घरी बोलताना, रुसताना, गावाची आठवण काढताना दिसत नाही. हा दोष ग्रंथकर्त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी लोखंडी रस्त्यांवर मराठीत पुस्तक लिहिले ते १८५४ साली, म्हणजे लोहमार्ग येताच. लेखणी होती, छापखाने होते, आणि बोरघाट पुण्यामुंबईच्या मधोमध होता. आपल्या विद्वानांस वाफेच्या यंत्राचे नवल वाटले, आणि ते साहजिकच होते. पण यंत्राखालच्या मातीकडे त्यांची दृष्टी वळली नाही.

साधने नाहीत, ही सबबही पुरी पटत नाही. त्याच सुमारास अमेरिकेत सिएरा नेवाडाचा पहाड फोडून सेंट्रल पॅसिफिकचा मार्ग नेणारे हजारो चिनी मजूर होते. १८६७ च्या जूनमध्ये त्यांनी मजुरीसाठी संप केला, तेव्हा कंपनीने त्यांचा शिधा तोडून तो मोडला. त्यांपैकी एकाचेही पत्र वा रोजनिशी आज उपलब्ध नाही. तरीही मॅक्सिन हाँग किंग्स्टन या चिनी वंशाच्या लेखिकेने १९८० साली 'चायना मेन' या पुस्तकात त्या पहाडातला आजोबा उभा केला. कागद नव्हता म्हणून ती थांबली नाही. घरात ऐकलेल्या गोष्टींवर तिने कल्पनेची भर घातली.

तशी गोष्ट आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबास वाट सापडेना, ती या धनगराने दाखविली. बक्षीस काय हवे असे विचारताच त्याने आपल्या लोकांची मोकळीक मागितली, आणि त्यास गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. वाट सडकेची की लोहमार्गाची, यावरही मतभेद आहेत. इतिहासकार या कथेस पुरावा मानणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु १८५९ चा दंगा ज्या कारणासाठी झाला तेच या कथेतही आहे: काम करून घेतले, आणि मोबदला मागताच माणूस नकोसा झाला. घाटातून जाणारे गाडीवाले अजून त्या देवळापाशी नाणे टाकतात.