गुण नसलेला धूर

गावातली आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. तिच्या बोलण्यात तो ‘सीबॅक’. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, श्वसनविकार अशा दीर्घकालीन रोगांसाठी २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची ही घरोघरची पहिली पायरी. पुस्तकाचे करावे तसे या फॉर्मचे परीक्षण आम्ही येथे करीत आहोत.

पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातील आजार यांना गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी अग्रक्रम. वजनाऐवजी कंबर मोजायची, हे फार चांगले केले आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! सडपातळ भारतीयाला काटा फसवतो, टेप सहसा फसवत नाही.

आता हाच फॉर्म घेऊन रसायनीला जाऊ. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समुळे वाढलेली ही वसाहत. आसपासच्या खालापूर-कर्जतच्या वाड्यांतून कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वसाहतीतला पन्नाशीचा कारकून घ्या : पोट सुटलेले, व्यायाम नाही, आईला मधुमेह. तो सहज चार ओलांडतो. भट्टीवरची पस्तिशीची बाई घ्या : रोज मशेरी, कंबर बारीक, अंगमेहनत भरपूर. वयाचा गुण धरूनही तिची बेरीज तीनवर थांबते.

तिच्या धुराचे काय? तो तिसऱ्या भागात आहे. चुलीचे इंधन, धूर-वायू-धुळीचे काम. वीटभट्टीचा तर नावानिशी उल्लेख! जे लागू असेल त्याला गोल करायचा. गुण मात्र शून्य. दुसऱ्या भागात दम लागतो का, दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे का, असे प्रश्न आहेत आणि ‘हो’ आले तर तिला लगेच डॉक्टरांकडे पाठवायचे असते, हे खरे. पण दम लागू लागला म्हणजे फुप्फुसाची पुष्कळशी हानी होऊन गेलेली असते. तेथे उपचार सुरू होतो, प्रतिबंध नव्हे. तिशीपुढच्या सर्वांनाच तपासावे असे नियम सांगतो. अग्रक्रम मात्र बेरजेवरच ठरतो.

आमचा मुख्य आक्षेप मात्रेविषयी आहे. तंबाखू रोज की कधीमधी, हे फॉर्म विचारतो. धूर किती महिने, किती वर्षे, हे विचारत नाही. एक हंगाम भट्टीवर गेलेली आणि वीस हंगाम गेलेली, दोघींचा गोल सारखाच. शिवाय आशाताई उन्हाळ्यात वाडीवर गेली तर दाराला कुलूप असते.

या महिन्यांची नोंद एका ठिकाणी असते आणि ती शिक्षकांच्याच कपाटात. आईबापांबरोबर भट्टीवर गेलेल्या मुलांची हजेरी नोव्हेंबर-डिसेंबरात तुटते आणि जूनमध्ये पुन्हा जुळते. दहा वर्षांचे हजेरीपट उघडून आशाताईबरोबर बसले, तर कोणत्या घराने किती हंगाम धूर घेतला, याचा बराच हिशेब एका दुपारी लागेल.