बेणारेबाईंचा मामा कुठे आहे?

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आपल्याला मुंबईचं वाटतं. ‘रंगायन’नं १९६७ साली राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलेलं, अरविंद देशपांडे यांनी बसवलेलं, सुलभा देशपांडे यांनी गाजवलेलं. पण नाटक घडतं ते एका लहानशा गावातल्या हॉलमध्ये. मुंबईची हौशी मंडळी रात्रीच्या प्रयोगासाठी तिथे आलेली आहेत. वेळ जात नाही म्हणून ती खोटा खटला खेळायला बसतात आणि एक साक्षीदार कमी पडतो म्हणून गावातल्याच एकाला उभं करतात. त्याचं नाव सामंत. भला माणूस. पुतण्यासाठी कापडाचा हिरवा पोपट घेऊन निघालेला.

परभणीत बसून हे नाटक वाचताना मला बेणारेबाईंच्या आधी हा सामंत दिसतो. स्पर्धेच्या दिवसांत आपल्याकडेही कुठल्याशा शाळेच्या वर्गात तालमी चालतात, खिडकीशी दोन-चार पोरं उभी असतात, आणि कुणीतरी म्हणतं, “ये रे, जरा उभा राहा इथं.” सामंत तसाच उभा राहतो. शहरातल्या शिकलेल्या लोकांनी आपल्याला घेतलं याचंच त्याला अप्रूप.

साक्ष द्यायची म्हणजे काय बोलायचं हे त्याला माहीत नसतं. हातात एक कादंबरी असते. त्यातलाच प्रसंग तो सांगू लागतो: प्राध्यापक दामले यांच्या खोलीचं दार बंद, आतून बाईचा आवाज, या अवस्थेत मला सोडलंत तर मी जाऊ कुठे, वगैरे. हे सगळं तो पुस्तकातून उचलतोय हे प्रेक्षकाला दिसतं. तरी ते चपखल बसतं, कारण ऐकणाऱ्यांच्या मनात तीच गोष्ट आधीपासून तयार आहे. तेंडुलकरांनी या नाटकात केलेली सर्वांत धारदार गोष्ट मला हीच वाटते. बाईला दोषी ठरवायला पुरावा लागत नाही, ओळखीचं कथानक पुरतं. हल्ली ते कादंबरीतून येत नाही, फॉरवर्ड होऊन येतं. कुठल्याही अत्याचाराच्या बातमीखालची चर्चा उघडा. ‘एवढ्या रात्री तिकडं कशाला गेल्ती?’ लिहिणारा तिथे नव्हता. त्याच्या हातात कादंबरी आहे.

पण मला लिहायचं आहे ते मामाबद्दल.

खटला भ्रूणहत्येचा, म्हणजे बेणारेबाईंच्या पोटातल्या दामल्यांच्या मुलाचा. साक्षी पुढे सरकतात तसा विषय बदलत जातो. पोंक्षे सांगतो, तिनं मला लग्नाचं विचारलं. रोकडे सांगतो, तिनं माझा हात धरला. मग कर्णिक एक ऐकीव माहिती काढतो. पंधराव्या वर्षी हिनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. कारण? प्रेमभंग. कुणावरचं प्रेम? सख्ख्या मामावरचं.

कोर्ट हादरतं. काशीकरांच्या न्यायासनाला आणि सुखात्म्यांच्या वकिलीला याहून मोठा पुरावा नको असतो. बाई मुळातच अशी आहे, लहानपणापासूनच अशी. पुढे शेवटच्या स्वगतात बेणारेबाई स्वतःही ते सांगतात. कडक शिस्तीचं घर, त्यात लाडानं बोलणारा आणि तिच्या वयात येणाऱ्या देहाचं कौतुक करणारा हा एकच माणूस. लग्नाचं काढलं तर सगळे विरोधात, आणि मामा पळून गेला.

आता वयाकडे बघा. नाटक आलं तेव्हाही, १९६७ साली, भारतीय दंड संहितेत संमतीचं वय १६ होतं. म्हणजे काशीकरांच्या खोट्या कोर्टाऐवजी खरं कोर्ट असतं, तर १५ वर्षांच्या मुलीनं ‘हो’ म्हटलं होतं की नाही हा प्रश्नच उरला नसता. आरोपी मामा असता. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर तर वयाची रेघ १८ वर गेली. (त्यानं कॉलेजातल्या पोरापोरींच्या प्रेमाचे काही वेगळे घोळ होतात, पण मामा त्यात येत नाही.) कोर्टाला धक्का बसतो तो नात्याचा. मामा म्हणजे आईचा भाऊ, शिव शिव. वयाचा धक्का कुणालाच बसत नाही. आपल्याकडच्या तेलंगण-कर्नाटकाला लागून असलेल्या भागात काही समाजांत मामा-भाचीची लग्नं होत आली आहेत, त्यामुळे नात्याचा धक्का तिथे तेवढा बसणारही नाही. पण मग उरतं काय? मोठा माणूस आणि घरातली पोर. मला प्रश्न पडायला हवा होता तो तिथे.

या नाटकावर ढिगानं लिहिलं गेलंय. पुरुषी समाजाचा ढोंगीपणा, मध्यमवर्गाची हिंस्र करमणूक, सगळं बरोबर. पण मामाचा उल्लेख बहुतेक वेळा ‘बेणारेचं पहिलं फसलेलं प्रेम’ असा उरकला जातो. म्हणजे टीकाकार बाईंच्या बाजूचा असतो आणि शब्द मात्र कर्णिकाचा वापरतो. तेंडुलकरांनाही यातून पूर्ण सोडता येणार नाही. त्यांनी बाईंच्या तोंडी पाप, प्रेम, देह असे शब्द दिले. तिच्यावर काही केलं गेलं, असं म्हणायला तिच्याकडे शब्दच दिला नाही. हे त्या काळाला धरून आहे असं कुणी म्हणेल. खरंच आहे. अशा मुली स्वतःबद्दल असंच बोलतात, दोष आपल्याकडे घेऊन. पण स्पर्धांमधून, ऑडिशनमधून हे स्वगत आजही म्हटलं जातं, आणि मामाच्या वाक्यांवर आवाज हळवा केला जातो, जणू जुन्या प्रेमपत्राची घडी उलगडतेय.

आणि मामा कुठे असतो? कुठेच नाही. दामलेही नाहीत, त्यांचं नाव साक्षीदारांत आहे, ते येत नाहीत, आणि त्यांना बोलवा असा हट्टही कुणी धरत नाही. सरकारी वकीलही सुखात्मे, आरोपीचा वकीलही सुखात्मे. न्यायाधीश काशीकर तर खुर्चीतून उठून स्वतःच साक्ष देतात. हजर फक्त बाई. ‘टाळी एका हातानं वाजत नाही’ म्हणणाऱ्यांना इथे दुसरा हात शोधायची गरजच वाटत नाही. चापट एकाच हातानं मारता येते, हेही त्यांना आठवत नाही.

यातलं नाटक किती आणि खरं किती, हे पाच वर्षांत महाराष्ट्रानं पाहिलं. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंजचं पोलीस ठाणं. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप. डॉक्टरी अंदाजानं वय १४ ते १६. लोक हा खटला तिच्या नावानं ओळखतात. मी ते लिहीत नाही. कागदोपत्री तो ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ आहे, तेच बरं.

सेशन्स कोर्टानं तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडलं. तिला शरीरसंबंधांची सवय आहे, हा त्यात मुद्दा होता. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे तिथे स्वच्छ म्हटलं गेलं. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, सोबतच्या माणसांना हाक मारली नाही.

हा निकाल कथेसारखा वाचून बघा. मुख्य पात्र ती आहे, पोलीस नाहीत. तिनं काय केलं नाही याचीच यादी. ठाण्यात ती आली कशी हेही बघण्यासारखं आहे. तिनं स्वतः निवडलेल्या मुलाविरुद्ध तिच्या भावानं तक्रार दिली होती, पळवून नेल्याची. म्हणजे जिथे तिची मर्जी होती तो गुन्हा म्हणून नोंदवायला घेतला गेला. जिथे नव्हती तिथे मर्जी धरली गेली. ती काय म्हणते, हे दोन्हीकडे कमी महत्त्वाचं.

वर्षभरानं, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मराठी वाचकांनी हे पत्र समीक्षेचा नमुना म्हणून वाचावं असं माझं मत आहे. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक निकालात कसा पुसला गेला, हे त्यांनी ओळीओळीनं दाखवलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली, तर कोर्टानं तसंच धरून चालायचं. पीडितेची ओळख छापणं गुन्हा झालं. तिच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोटी पाडायची वाट कायद्यातून निघायला मात्र २००२ उजाडलं. प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे २०१३ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. आताच्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. आणि ‘सवय आहे’ हे ठरवणारी ती दोन बोटांची तपासणी करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्येही बजावावं लागलं.

म्हणजे काशीकरांच्या कोर्टातला एकेक पुरावा खऱ्या कोर्टातून काढायला अर्धं शतक गेलं. पारावरून, घरातून, ग्रुपवरून तो निघालेला नाही.

आपल्या जिल्ह्याच्या मातीत तर असा खटला फार जुना आहे. गंगाखेडची जनाबाई. कथा सगळ्यांना माहीत आहे. विठ्ठल रात्री तिच्याकडे आला, जाताना पदक विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी शोध सुरू झाला तो जनीच्या झोपडीत, आणि शिक्षा ठरली ती जनीला, सुळाची. कीर्तनात आपण सुळाचं पाणी झालं तिथे हात जोडतो. देव तिकडे का गेला होता, असं देवळातल्या कुणी विचारलं नाही. दासीला मात्र विचारलं.

सामंताकडे परत येतो. नाटकाच्या शेवटी बेणारेबाई निपचित पडलेल्या असतात. खेळच होता, मनावर घेऊ नका, असं म्हणून मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात. सामंताला वाईट वाटतं. तो पुतण्याचा हिरवा पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो आणि निघतो. मी पाहिलेल्या प्रयोगांत इथे प्रेक्षक हेलावतात. मला मात्र त्या कादंबरीचं कुतूहल वाटतं. पुढच्या वेळी परभणीत कुणी हे नाटक बसवलं तर दिग्दर्शकानं एवढं बघावं, की पोपट ठेवताना सामंताच्या दुसऱ्या हातात ती अजून आहे का.