पडद्यावरची तमासगिरीण आणि फडावरच्या विठाबाई

नटीविषयी लिहिताना आपण कोणते सर्वनाम वापरतो, इकडे मराठी समीक्षेने कधी लक्ष दिलेले नाही. दुर्गा खोटे यांच्यासाठी लेखणी आपोआप 'त्या' लिहिते. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या, तेव्हा भूमिकेइतकेच अप्रूप 'चांगल्या घरची, शिकलेली बाई' सिनेमात आली याचे झाले. हंसा वाडकर यांच्यापाशी आली की तीच लेखणी 'ती'वर उतरते. आणि विठाबाई नारायणगावकर? त्या नुसत्या 'विठा'. आदराचे हे दर अभिनय पाहून ठरलेले नाहीत. ते घराणे पाहून ठरलेले आहेत.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३चा, घराण्याला कलावंतिणींचा वारसा. १९३६ साली 'विजयाची लग्ने'मधून त्या पडद्यावर आल्या, त्या आडनाव बदलूनच. हॉलिवूडमध्येही हेच घडत होते. मार्गारिटा कॅन्सिनो ही स्पॅनिश नर्तकाची मुलगी, लहान वयात बापाबरोबर क्लबांतून नाचणारी. स्टुडिओने तिच्या कपाळावरची केसांची रेषा मागे सारली, केस रंगवले, बापाचे नाव काढून आईकडचे लावले आणि तिची रिटा हेवर्थ केली. नाचणारीची कला हवी असते, तिचे कूळ नको असते. तिथे त्याला वंश म्हणतात, इथे जात.

१९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' आला आणि १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. पुण्याच्या विजयानंदमध्ये हा दुसरा १३१ आठवडे चालला. हंसाबाईंबरोबर जयश्री गडकर याच चित्रपटाने पुढे आल्या आणि नंतर तमाशापटांची लाटच उसळली. त्या लाटेत ढोलकी आहे, नऊवारी आहे, माजलेला पाटीलही आहे. नाही ती एकच गोष्ट. फडातली माणसे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी; ती कुठून आली, गावकुसाबाहेर का राहिली, याचा उच्चार जवळजवळ नाही. तमाशाचा धंदा दाखवला, जात खोडली. माझ्या वर्गात रिसोड-मानोऱ्याकडून येणारी मुले लावणी म्हटले की जयश्रीबाईंचे नाव घेतात. पवळा हिवरगावकरीण हे नाव त्यांनी ऐकलेले नसते. पठ्ठे बापूरावांचे ऐकलेले असते. यात मुलांचा दोष काय?

हंसाबाईंचे शब्दांकित आत्मकथन 'सांगत्ये ऐका' १९७० साली पुस्तकरूपाने आले. १९७१ साली त्या गेल्या. पांढरपेशा वाचकाने त्यात दारू आणि पुरुष तेवढे शोधले आणि वर धीटपणाबद्दल पाठ थोपटली. माझ्या मते ते प्रथमतः श्रमाचे पुस्तक आहे. तेराव्या वर्षी जिच्या कमाईवर घर चालू लागले आणि ती कमाई जिच्या हाती कधी राहिली नाही, अशा बाईचा तो जमाखर्च आहे. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'ने (१९७७) हा भाग ओळखला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. तरीही लोकांच्या मनात उरली ती 'उद्ध्वस्त नटी'च. उद्ध्वस्त कोणी केली, हा प्रश्न तिला पाहून हळहळणाऱ्यांना पडत नाही.

विठाबाईंना तर ही हळहळही उशिरा मिळाली. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातली ही बाई. भरल्या पोटाने नाचता नाचता कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट सगळे सांगतात. सांगताना डोळे पाणावतात. पण फड थांबवायची मुभा त्या बाईला का नव्हती, हे कोणी विचारत नाही. राष्ट्रपतींचे पदक मिळाले. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या मदतीने भागवावे लागले. २००६ पासून त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देते. हॅटी मॅक्डॅनियल या काळ्या अभिनेत्रीला १९४० साली ऑस्कर मिळाले, तेव्हा समारंभात तिला वेगळ्या टेबलावर बसवले होते. सन्मान द्यायचा, जागा द्यायची नाही.

आणि आपली चळवळ? १९३६ साली बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना ते जिणे सोडायला सांगितले. ते सांगणे त्या जिण्याविरुद्ध होते, त्या स्त्रियांविरुद्ध नव्हते. पुढे कित्येक कार्यकर्त्यांनी हा फरक पुसला. जलशाने तमाशाचा बाज घेतला, फडातल्या बाईकडे मात्र पाठ फिरवली. योगीराज बागूल यांचे 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा' हे पुस्तक म्हणूनच मोलाचे. 'सांगत्ये ऐका'च्या शेजारी ठेवून ते शिकवले पाहिजे.

विठाबाईंवर हिंदी चित्रपट होत असल्याच्या बातम्या २०२५ साली आल्या. नाळ तोडण्याचा प्रसंग त्यात असणारच. असा प्रसंग कोणता दिग्दर्शक सोडील? मला पाहायचा आहे तो फडाचा फलक, आणि त्यावर 'मांग' हा शब्द ठेवला आहे की नाही ते.